सकरीबाईची दुपारची झोप

याडी, आधी माफी मागते. माझं अक्षर वाईट आहे. ऱ्हस्व कुठे, दीर्घ कुठे, ते मला चौथीतही नीट कळत नव्हतं, आणि चौथीनंतर मी शाळेत गेले नाही. हाताला सवय नाही म्हणून ओळीसुद्धा खाली-वर होतात. तुला तर वाचताच येत नव्हतं, तेव्हा तू हसणार नाहीस. दुसऱ्या कोणी वाचावं म्हणून मी लिहीत नाही. चार माणसं समोर आली की माझा पदर आपोआप तोंडावर जातो, हे तुला माहीत आहे. जे तोंडाने निघत नाही ते कागदावर तरी निघतं का, ते बघते.

तुझं गाव कोणतं, तांडा कोणता, वय किती, मागे कोण आहे, हे पोलिसांनी विचारलं आणि लिहून नेलं. त्यांच्या कागदात तू सकरीबाई, बेवारस, एवढीच आहेस. ते मी इथे परत लिहिणार नाही. मला तुझ्याबद्दल लिहायचं आहे आणि वसंतरावाबद्दल लिहायचं आहे. त्याच्याबद्दल लिहिताना मी त्याला 'साहेब' म्हणणार नाही. आजपर्यंत खूप म्हटलं.

दिग्रसहून मी यवतमाळच्या स्टँडवर उतरले तेव्हा पुढे कुठे जायचं ते ठरलेलं नव्हतं. नवऱ्याने दुसरी आणली होती आणि भावाच्या घरी मला पाणी मिळालं, ताट मिळालं नाही. मी बाकावर बसून राहिले. गाड्या लागल्या, सुटल्या, दिवे लागले, मी बसलेलीच. तू समोरून बघत होतीस. घागऱ्याला ठिगळं, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, हातात काठी.

"काय व, कोनाची वाट पाहून राह्यली?"

"कोनाचीच नाई."

"मंग सरक तिकडं. मले बसू दे."

बसलीस. मग पिशवीतून बाटी काढून अर्धी मोडून दिलीस. ज्वारीची भाकर ती, पण तुझ्या गोर बोलीत बाटी, जशी आई म्हणजे याडी. मी खाल्ली तेव्हा म्हणालीस, "आता झोप. मी जागी हाय. दिवस निंगाला का मी झोपतो, तवा तू जागी राय."

मला वाटलं म्हातारीला रात्री झोप येत नसेल. स्टँडवर राहिल्यावर कळलं की बाईमाणसाने तिथे रात्री झोपायचंच नसतं. दारू पिऊन कोण येतं, कोण गाठोडं ओढतं, कोण अंगावरची गोधडी ओढतं. झोपायचं ते दिवसा, भर गर्दीत, शेकडो माणसांच्या डोळ्यांसमोर. तिथे कोणी हात लावत नाही. तू कित्येक वर्षं अशीच झोपत आली होतीस. मी आल्यावर आपली पाळी ठरली. रात्री मी झोपायची आणि तू काठी घेऊन बसायचीस. दिवसा तू झोपायचीस आणि मी तुझ्या उशाशी बसायची. उन्हाळ्यात माझं आणखी एक काम होतं. निंबाची सावली सरकायची तशी तुला हलवून सरकवायचं. पायावर ऊन आलं की मी म्हणायची, "याडी, सरक." तू डोळे न उघडता एक शिवी देऊन सरकायचीस.

माझ्या आईने मला कधी राखलं असेल, मला आठवत नाही. तू राखलंस. हे मी तुला कधी बोलले नाही.

मग वर्षाताई आली. ती एका संस्थेत नोकरीला होती, पण पहिले कित्येक दिवस ती नुसती येऊन आपल्याजवळ बसायची, चहा प्यायची आणि जायची. तुला संशय आला. "ही पोरगी किडनी पाहून राह्यली का आपली?" असं तू तिच्या तोंडावर विचारलंस. ती इतकी हसली की तिचा चहा सांडला. मग तिने सांगितलं. जी माणसं वर्षानुवर्षं उघड्यावर आहेत त्यांच्यासाठी खोल्या बांधायच्या. रात्रीचा निवारा नाही, कायमच्या खोल्या. दारू सोड, अंघोळ कर, आधी शहाणा हो, मग घर देतो, असं नाही. आधी घर. मग औषध, कागद, काम, जे ज्याला पाहिजे त्याला मदत, आणि मदतीला माणूस तिथेच असणार.

"अन् भाडं कोन भरीन? तुहा बाप?"

"माझ्या बापाला परवडत नाही, आजी. थोडं संस्था, थोडं तुमच्या निराधारच्या पैशातून. आणि एक अनामत, ती खोली सोडताना परत. किल्ली तुमच्याजवळ."

"मायापाशी? किल्ली?"

"हो."

तू माझ्याकडे वळून म्हणालीस, "खोटी हाय, पन गोड बोलते."

ती खोटी नव्हती. खोल्यांचा नकाशा करण्याआधी तिने आपल्याला विचारलं, खोलीत काय पाहिजे. मी पदरामागून म्हटलं, आतून कडी. तू म्हणालीस, ओटा. दारापुढे पाय पसरून बसता येईल असा. बँडवाले काका, जे एके काळी लग्नात क्लॅरिनेट वाजवायचे आणि आता पेट्रोल पंपामागे झोपायचे, ते म्हणाले, भिंतीत खुंटी. त्यावर काय टांगायचं ते त्यांनी सांगितलं नाही. वर्षाताईने तिन्ही गोष्टी करून घेतल्या.

जागा वसंतरावाने दिली. ते खोटं कशाला लिहू. बायपासच्या पलीकडे त्याचा प्लॉट पडून होता. आजूबाजूच्या लेआउटमधले लोक ओरडले की इथे चोर-भिकारी आणून बसवता, आमच्या पोरीबाळी आहेत. वसंतराव त्यांच्या घरोघर गेला, हात जोडले, आणि काम सुरू झालं. तो संस्थेचा सचिव. मेन लाइनीच्या बाजारात त्याचं साड्यांचं मोठं दुकान. उद्घाटनाच्या दिवशी फाटकावर त्याच्या आईच्या नावाची पाटी लागली आणि त्याने भाषण केलं की ही माणसं माझी माय-बाप आहेत. तू माझ्या कानात म्हणालीस, "आपल्याले पोरगं झालं व, अन् एवढं ढेरीवालं." मी पदर तोंडात कोंबला.

खोलीत आल्यावर आपलं भांडण सुरू झालं. ते अजून मिटलेलं नाही, म्हणून इथे लिहिते.

मला कडी पाहिजे होती. किती वर्षं मी एकाच गोष्टीचं स्वप्न बघत होते, की दार लावायचं, कडी घालायची आणि मग कोणी येऊ शकत नाही. पहिल्या दिवशी मी कडी घातली. तू उठून काढलीस. मी परत घातली. तू परत काढलीस.

"जीव गुदमरते माहा. उघडं राहू दे."

"उघडं ठेवायचं तं स्टँड काय वाईट होता?"

"तेच म्हनतो मी. काय वाईट होता?"

शेवटी तू गोधडी उचललीस आणि ओट्यावर जाऊन बसलीस. मी आतून कडी घातली आणि मेल्यासारखी झोपले. सकाळी उठले तर तू काठी घेऊन बसलेली, आणि उजाडल्यावर आत येऊन माझ्या जागेवर आडवी झालीस. मग रोज तसंच. मी संस्थेच्या स्वयंपाकघरात लागले, सगळ्यांच्या पोळ्या करायची, आणि तू दिवसभर खोलीत दार सताड उघडं टाकून घोरायचीस. आपल्या पाळीत काही बदललं नाही. फक्त मला कडी मिळाली आणि तुला छप्पर.

मी तुला म्हणायची, आता राखण कायले करायची, इथे कोण येतं. तू म्हणायचीस, येत नाही म्हणूनच करतो, आलं मग काय करशील. पण तू बाहेर जागी होतीस म्हणून मला झोप लागत होती, कडीमुळे नाही. हे मला तू गेल्यावर कळलं, कारण आता कडी आहे आणि झोप नाही.

वर्षाताईच्या पगाराला जो पैसा येत होता तो बंद झाला. ती रडत गेली. तिच्या जागी कोणी आलं नाही. वसंतराव स्वतः येऊ लागला. पाहुणे घेऊन यायचा, खोल्या दाखवायचा, फोटो काढायचा. आपल्या खोलीसमोर येऊन बघतो तर तू दुपारी तोंड उघडं टाकून झोपलेली. पाहुण्यांसमोर त्याला ते आवडलं नाही. चौकीदाराने त्याला सांगितलं की बुढी रात्री खाटेवर नसते. त्याने तुला बोलावलं. मी दाराशी उभी होते, सगळं ऐकलं.

"रात्री कुठे असता तुम्ही?"

"ओट्यावर."

"ओटा झोपायला आहे का?"

"झोपत नाई न मी, बापू. राखन करतो."

"कशाची?"

तू माझ्याकडे बोट केलंस. "हिची."

तो हसला. "अहो, चौकीदार ठेवलाय ना आपण पगार देऊन."

"तो गडीमानूस हाय. त्याच्यापासून राखन कोन करते?"

चौकीदार बाहेर होता, त्याने ऐकलं. वसंतरावाचं हसणं गेलं. तो म्हणाला, इथे राहायचं तर माणसासारखं राहायचं, रात्री झोपायचं, दिवसा उठायचं. त्या आठवड्यात त्याने ओट्यांच्या आतल्या बाजूला, खोल्यांच्या दारांपुढे, चॅनल गेट बसवलं. नऊला कुलूप, किल्ली चौकीदाराकडे. ओटे कुलपाच्या बाहेर राहिले. ज्याला ओट्यावर बसायचं त्याने रात्रभर बाहेर बसायचं, लागलं तर पाण्यालाही आत यायचं नाही.

तू पहिल्याच रात्री बाहेर राहिलीस. मी आतून गेटपाशी बसले. तू म्हणालीस, "जा, झोप." सकाळी गेट उघडलं तेव्हा तू गोधडी खांद्यावर टाकून स्टँडकडे निघाली होतीस. दोन-चार दिवसांत तुझी खाट दुसऱ्या बाईला दिली. वसंतराव मला म्हणाला, ती स्वतःच्या मर्जीने गेली, त्यामुळे अनामत जप्त. चार हजार. तुझ्या निराधारच्या पैशातून महिन्या-महिन्याला कापलेले.

मी स्टँडवर आले, म्हटलं चल परत, मी त्याला सांगतो.

"तू सांगशीन? तुह्या तोंडातून तं माशी बी निंगत नाई."

"तुलेच खोली नको होती. तुले भांडन पायजे होतं."

"हो. अन् तुले कडी. भेटली न? जा मंग, लाव."

मला राग आला. मी डबा तिथेच ठेवून निघाले. दुसऱ्या दिवशी परत आले, तू डबा धुऊन ठेवला होतास. त्यानंतर रोज दुपारच्या पोळ्या झाल्या की मी स्टँडवर यायची. तू झोपलेली असायचीस. मी उशाशी बसायची, सावली बघायची, तुला सरकवायची, आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाला परत जायची. ऊन कडक होत चाललं होतं. तरी आपलं चाललं होतं, याडी. घर नाही तरी पाळी होती.

आता तो दिवस लिहिते. 

संस्थेचा वर्धापनदिन होता. पन्नासेक पाहुणे, आमरस-पुरी, कुरड्या, भजी. सकाळपासून मी कढईपुढे होते. दुपार झाली तसं माझं लक्ष उडालं. वसंतराव स्वयंपाकघरात डोकावला तेव्हा मी हिंमत केली. पदर हातात धरून म्हटलं, "साहेब, मले स्टँडवर जायचं हाय. थोड्या वेळात येतो."

"आज? पाहुणे बसलेत मंदाबाई. एक दिवस राहू दे."

त्याला माहीत होतं मी कोणाकडे जाते. सगळ्यांना माहीत होतं. एक दिवस राहू दे, असं म्हणून त्याने एक पुरी उचलली, टम्म फुगलेली, आणि खात बाहेर गेला. त्या पुरीचा मला अजून राग आहे.

मी संध्याकाळी पोचले तेव्हा माणसं गोळा झाली होती. सावली केव्हाच पलीकडे गेली होती. तू जिथे आडवी झाली होतीस तिथेच होतीस. उसाच्या रसाची गाडी लावणारा मला म्हणाला, "मावशी, रोजच झोपते न ती. म्हनून कोनं हात नाई लावला."

डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं.

ऊन लागलं नाही. मी सरकवायला नव्हते, आणि मी का नव्हते ते मी वर लिहिलं आहे. तुझी खाट होती, छप्पर होतं, पंखा होता, आणि दिवसा झोपायला तुला तेवढंच लागत होतं. ते त्याने काढून घेतलं, का, तर तुझी खाट रात्री रिकामी दिसत होती.

पोलीस तुला बेवारस म्हणून नगरपालिकेच्या गाडीत घालणार होते. बँडवाले काका पुढे झाले. आम्ही खोल्यांमधल्या सगळ्यांनी सह्या केल्या, अंगठे दिले आणि तुला मागून घेतलं. पण मागून घेतलं म्हणजे लाकूड आपण आणायचं. काका म्हणाले, तिची अनामत आहे न संस्थेत, तिच्यातून होईल. वसंतराव पांढरे कपडे घालून आला होता. चेहरा पडलेला होता त्याचा, मी बघितलं. तो म्हणाला, "फार वाईट झालं. नियम पाळले असते तर आज ही वेळ नसती. अनामतीचं म्हणाल तर ती जप्त झाली, आता मला ती काढता येत नाही."

लाकूड डेपोवाल्याने उधार दिलं, चार हजारांचं. काकांच्या शब्दावर दिलं. तू उधारीच्या लाकडावर जळलीस, याडी. जिने आयुष्यात कोणाचं एक पैशाचं देणं ठेवलं नाही, बाटी घेतली तर कोणाची गाठोडी राखून फेडली, ती उधारीत गेली. ते मला सहन झालं नाही.

त्याचं वाईट व्हावं असं मला वाटतं. लोक म्हणतात मेलेल्या माणसाचं नाव घेऊन दुसऱ्याला शिव्याशाप देऊ नयेत. मी देते. त्याला गादी असू दे, कूलर असू दे, मोठ्या दाराला मोठी कडी असू दे, आणि त्याला झोप येऊ नये. डोळा लागला की त्याला वाटावं कोणीतरी उशाशी उभं आहे. मरायचा नको तो. जगू दे, आणि जागाच राहू दे.

पण शापाने लाकडाचे पैसे फिटत नाहीत. म्हणून मी तुझी गोधडी घेतली, आरशांचे तुकडे लावलेली, आणि दुकान उघडायच्या वेळेला मेन लाइनीत गेले. लग्नसराई सुरू होती. त्याच्या दुकानाला एकच रुंद पायरी आहे, ती चढल्याशिवाय आत जाता येत नाही. पायरीवर मी गोधडी अंथरली आणि आडवी झाले. डोळे मिटून घेतले. तुला सांगू, मला लाजच वाटली नाही. डोळे मिटले की माणसं दिसत नाहीत. इतकी वर्षं मला हे का सुचलं नाही?

पहिलंच गिऱ्हाईक बस्त्याचं होतं. लग्नाच्या साड्या, शालू, सगळ्या सोयऱ्यांचे कपडे, अख्खं घर गाडी करून आलं होतं. पायरीशी पावलं थांबली.

"अव माय, ही कोन पडली?"

"झोपली वाटते."

"ओलांडून जा न, कायची झोपली?"

"हट! बस्त्याच्या दिवशी झोपलेलं मानूस ओलांडतेत का कोनी? नवरीची माय हाय मी."

दुकानातला माणूस धावत आला. "ओ मावशी, उठा, उठा. साइडला व्हा." मी हललेच नाही. त्याने हात लावायचा विचार केला, मग केला नाही, बाईमाणूस. नवरीची आई म्हणाली, "जित्ती तरी हाय का पाहा बाप्पा," आणि मग सगळी पावलं शेजारच्या दुकानाकडे गेली. मी मोजली नाहीत, पण खूप होती. गोधडीच्या आत मी हसले. तू असतीस तर मोठ्याने हसली असतीस.

दुपारी बँडवाले काका आले. काठी घेऊन उशाशी बसले. "तुम्ही झोपा ताई. मी जागा हाय." दुसऱ्या दिवशी खोल्यांमधली आणखी एक बाई आली, म्हणाली, तुमचं अंग दुखत असेल, आता मी झोपते, तुम्ही बसा. अशी पाळी लागली. दुकानाची पायरी कधी मोकळी राहिली नाही.

वसंतराव पहिल्यांदा आला तो चिडून नाही, समजुतीने. माझ्याजवळ उकिडवा बसला. अत्तराचा वास आला.

"मंदाबाई, हे काय चालवलंय? उठा. खोलीत जाऊन झोपा."

"इथंच झोपतो."

"दिवसा?"

"दिवसाच."

"काय पाहिजे तुम्हाला?"

"याडीचे चार हजार."

"अहो, ती गेली. कोणाला देऊ?"

"लाकूडवाला जित्ता हाय."

तो आणखी जवळ सरकला. मग आवाज खाली करून म्हणाला, "मी तुम्हाला खोलीतून काढू शकतो, माहीत आहे ना?"

खरं सांगते, याडी, कडी आठवली. माझ्याजवळ जगात तेवढीच एक गोष्ट आहे. पण तोंड उघडलं होतं, ते आता बंद होईना. मी म्हटलं, "काढा. मंग मी रात्री बी इथंच राहीन."

मग त्याने पोलिसाला बोलावलं. हवालदारीण होती, तरुण, स्कार्फने तोंड बांधलेली. तिने विचारलं, "काहून व मावशी, इथं काहून झोपली?"

"स्टँडवर ऊन लागते."

तिने वर बघितलं, दुकानाचा मोठा छज्जा, खाली थंडगार सावली. काकांनी तिला सगळं सांगितलं, तुझं, चॅनल गेटचं, पुरीचंसुद्धा. ती वसंतरावाकडे वळली. "उचलून नेतो साहेब, तुमी म्हनाल तं. पन समोर चार जन मोबाइल धरून हायेत. फोटो निंगतीन तुमच्या दुकानापुढं." त्याला फोटोंची हौस आहे, पण असल्या फोटोंची नाही. ती चहा पिऊन गेली. जाताना काकांना म्हणाली, "मावशीले पानी पाजत राहा."

लग्नाची तिथी जवळ आली तसं शेजारचं दुकान भरून वाहू लागलं. एका बस्त्यात त्याला तुझ्या अनामतीच्या कितीतरी पट पैसा सुटतो, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. पण चार हजार देणं म्हणजे आपण चुकलो असं म्हणणं, तिथे त्याचं गाडं अडकलं होतं. अडकू दे. मला घाई नव्हती. मला तर वाटत होतं त्याने द्यायलाच उशीर करावा.

एका सकाळी त्याने दुकानातल्या माणसाच्या हाती दोन हजार पाठवले. माणुसकी म्हणून मदत, असा निरोप होता. मी म्हटलं, मदत नको, अनामतीतले म्हणून घेतो. आणि अर्धे आले म्हणून मी गोधडी घडी घालून अर्धी केली आणि पायरीची एक बाजू मोकळी सोडली. दुसऱ्या बाजूला अंग चोरून झोपले. गिऱ्हाईक आता येऊ शकत होतं, पण माझ्या डोक्याशेजारून पाय टाकत. दोन बायका आल्या, पदर सावरत, माझ्याकडे बघत, आणि आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात पिशवी नव्हती. "मन नाई लागलं व," असं एक म्हणाली.

तो त्याच दुपारी आला. या वेळी समजूत नव्हती, चेहरा लाल होता. उरलेले पैसे हातात होते. आणखी काही नोटाही होत्या. "हे घे. जास्तीचे पण घे. आणि परत इथे दिसू नको."

मी उठून बसले. काकांनी काठी धरून मला आधार दिला. मी जास्तीच्या नोटा वेगळ्या केल्या आणि त्याच्या हातात परत दिल्या. त्याला ते सगळ्यांत जास्त झोंबलं, मी बघितलं. दुकानातली माणसं बघत होती. रस्त्यावरची बघत होती. मी पदर तोंडावर घेतला नाही.

"कोनाचे हायेत हे?" मी विचारलं.

"काय?"

"पैसे कोनाचे हायेत?"

त्याने परत आलेल्या नोटा खिशात घातल्या. मग म्हणाला, "सकरीबाईचे."

मी गोधडी गुंडाळली. त्याने रात्री झोपावं की नाही, ते आता तुझ्याकडे. मी क्षमा केलेली नाही आणि कोणी विचारलं तर तसंच सांगेन. चॅनल गेट अजून तिथेच आहे. खोल्यांमधल्या सगळ्यांनी ठरवलंय की पुढची पायरी त्या गेटसाठी. ती वेगळी गोष्ट.

तिथून मी आणि काका घरी गेलो नाही. भर उन्हात चालत लाकूड डेपोवर गेलो. डेपोवाला करवतीपाशी उभा होता, हात भुशाने माखलेले. मी पैसे त्याच्या पुढे धरले आणि तुझं नाव सांगितलं. त्याने हात पॅन्टला पुसले, नोटा मोजल्या, एकदा काकांकडे, एकदा माझ्याकडे बघितलं.

"सकरीबाईचे सगळे आले," तो म्हणाला. "काही बाकी नाई."